दुसऱ्यांदा पकडलेला पहिल्यांदाच कसा ठरतो?

मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, अमरावती
आणि
मा. परिवहन अधिकारी, अकोला
यांस



दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या माणसाचं लायसन न्यायालयाने रद्द करावं, असा हुकूम मोटार वाहन कायद्यात लिहिलेला आहे. गेल्या तीन वर्षांत अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत असं किती जणांचं लायसन रद्द झालं, तो आकडा आपण जाहीर करावा, ही माझी पहिली विनंती. बाकीचं पत्र ती विनंती का करतो आहे, ते सांगण्यासाठी आहे.

मी मूर्तिजापूरचा. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. आमचं गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर. जुनी माणसं अजून त्याला सहा नंबरच म्हणतात. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं आज या रस्त्यावर ऑटो, ट्रॅक्टर, काळीपिवळी, ट्रक चालवतात. त्यांतल्या एकाची गोष्ट सांगतो. नाव, गाव आणि कोर्ट कुठलं ते सांगत नाही, कारण मला त्याला उघडं पाडायचं नाही.

रात्री नाक्यावर त्याला थांबवलं. शिपायाने यंत्राला नवी नळी लावली आणि फुंक मारायला सांगितली. मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमची. याचा आकडा त्याच्या चौपटीच्या वर. चिठ्ठी निघाली, सही झाली, गाडी ठाण्यात लागली. पुढे कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि गाडी सोडवून घरी आला. माझ्याशी तो मोकळेपणाने बोलतो, म्हणून विचारलं, "अन् लायसन?"

"थे खिशातच हाय ना सर."

"पहिल्यांदाच सापडला होतास का?"

"नाही ना. पयलेबी एकदा सापडलो होतो. पन थे तिकडच्या जिल्ह्यात. इथं कोनाले मालूम?"

या शेवटच्या वाक्यासाठी मी आपणा दोघांना एकत्र पत्र लिहितो आहे. बडनेऱ्याला पकडलेला माणूस अमरावतीच्या कोर्टात उभा राहतो आणि बोरगाव मंजूला पकडलेला अकोल्याच्या. दोन पोलीस ठाणी, दोन कोर्टं, दोन परिवहन कार्यालयं. मधलं अंतर शंभरेक किलोमीटर, मोटारसायकलने दोन तास. पहिल्या ठिकाणची शिक्षा दुसऱ्या ठिकाणच्या न्यायाधीशांसमोर कुणी ठेवलीच नाही, तर त्यांच्या दृष्टीने तो माणूस पहिल्यांदाच सापडलेला असतो. मग पहिल्या गुन्ह्याचा दंड होतो आणि तो सुटतो. तिसऱ्यांदाही तसंच होऊ शकतं.

कायदा इथे अजिबात ढिला नाही, हे मला मुद्दाम मांडायचं आहे. लोकांचा असा समज झाला आहे की दारू पिऊन गाडी चालवली तर दंड भरायचा, एवढंच. कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. हे लोकांना ठाऊक आहे, कारण १ सप्टेंबर २०१९ ला दंड वाढला तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले होते. आपल्या राज्याने तर इतर गुन्ह्यांचा वाढीव तडजोड दंड डिसेंबर २०२१ पर्यंत लांबवला, त्यावरही भरपूर वाद झाला. पण त्याच कायद्याचं कलम २० फार थोड्यांनी वाचलं असेल. कलम १८५ खाली दोषी ठरलेल्याला न्यायालयाने गाडी चालवण्यास किमान सहा महिने अपात्र ठरवलंच पाहिजे, असं ते सांगतं. कलम २२ त्याच्याही पुढे जातं. एकदा शिक्षा झालेला माणूस याच गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरला, तर न्यायालय त्याचं लायसन रद्द करील. इथे "करू शकेल" असं लिहिलेलं नाही.

आणि न्यायालयाची वाट न बघता आपल्याला स्वतःलाही अधिकार आहे. कलम २०६ प्रमाणे पोलिसांनी लायसन ताब्यात घेऊन आपल्याकडे पाठवायचं आणि कलम १९ प्रमाणे आपण त्या माणसाचं म्हणणं ऐकून पहिल्या वेळी तीन महिने अपात्र ठरवायचं, दुसऱ्या वेळी लायसन रद्द करायचं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनेही सगळ्या राज्यांना हेच बजावलं होतं, की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं लायसन किमान तीन महिने निलंबित करा. म्हणजे दारं तीन आहेत. माझा विद्यार्थी तिन्हींतून लायसन खिशात घेऊन बाहेर आला.

दंड वाढवून काय झालं, तेही जवळून पाहिलेलं सांगतो. त्याचे दहा हजार रुपये त्याच्या बायकोने भरले. महिला बचत गटातून कर्ज काढलं, आणि हप्ता ती फेडते आहे, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून. आमच्याकडे दहा हजार म्हणजे साधारण दीड क्विंटल कापसाचे पैसे. त्याने रस्त्यावर जे केलं त्याची शिक्षा तिला झाली. तीच रक्कम एखाद्या ठेकेदाराच्या एका रात्रीच्या पार्टीचं बिल असते, तो पाकीट काढतो आणि विसरतो. दंड गरिबाच्या घरात भलत्याच माणसावर पडतो आणि श्रीमंताला लागतच नाही. लायसन मात्र ज्याचं त्याचं असतं. ते बायकोच्या नावावर घेता येत नाही, कर्ज काढून सोडवता येत नाही. तीन महिने रोज सकाळी गाडीची किल्ली बघून ज्याला हात मागे घ्यावा लागतो, तो स्वतः गुन्हेगार असतो. म्हणून या गुन्ह्यात दंडापेक्षा लायसन मला जास्त न्याय्य वाटतं.

याचा धाक बसतो का, हा प्रश्न खरा आहे. इंग्लंडमध्ये १९६७ साली श्वासचाचणी कायद्याने आली, आणि मर्यादेबाहेर सापडला की किमान एक वर्ष लायसन बंद, हा नियम झाला. दहा वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर आज तिथे किमान तीन वर्षं बंदी आहे. १९६७ नंतर सुरुवातीला रात्रीचे अपघात झपाट्याने उतरले. पुढे काही वर्षांत तो परिणाम ओसरला, कारण रस्त्यावर प्रत्यक्ष थांबवणारा पोलीस फार क्वचित भेटतो, हे लोकांच्या लक्षात आलं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१० मध्ये दुसरी वाट धरली. चाचणीत नापास झाला की जागेवरच नव्वद दिवस गाडी चालवायला बंदी, गाडीही जमा. तिथे दारूमुळे होणारे मृत्यू लक्षणीय कमी झाले. कायद्यावर न्यायालयात आक्षेप आले, दाद मागण्याची सोय सुधारून घ्यावी लागली, पण जागेवरची बंदी टिकली. या दोन्हींतून मला एवढंच कळतं, की शिक्षा किती मोठी यापेक्षा ती नक्की होणार का आणि लवकर होणार का, हे पिणारा माणूस जास्त मोजतो. सहा महिन्यांनी येणाऱ्या नोटिशीला कुणी भीत नाही.

आता आमच्या रस्त्याविषयी. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला टप्प्यात ७५ किलोमीटरच्या एका मार्गिकेचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याआधी हा रस्ता इतका खराब होता की पिलेला माणूसही चाळीसच्या वर जाऊ शकत नव्हता. आता रस्ता गुळगुळीत आहे, याचा आम्हाला आनंदच आहे. पण ज्याला खड्डा आवरत होता, त्याला आता कायद्यानेच आवरायला हवं.

आणि या रस्त्यांवर माणसं चालतात. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला पायी जाणारे लोक वर्षभर, विशेषतः रात्री आणि पहाटे, उन्हाच्या आधी अंतर कापतात. पुढे एखादा भगवा झेंडा, मागे पाण्याचे कॅन घेतलेला छोटा हत्ती टेम्पो, मध्ये पंधरा-वीस बाया-माणसं, पायात साध्या चपला, हातात मोबाइलची बॅटरी. बऱ्याच जणी साडीचा पदर डोक्यावरून घेऊन रस्त्याच्या अगदी कडेने चालतात, कारण कडेची माती पावसाने खचलेली असते. श्रावणात अकोल्याची कावड निघते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन हजारो पोरं अकोटच्या रस्त्याने रातोरात राजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात. हिवाळ्यात कापसाने शिगोशीग भरलेल्या, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या जिनिंगकडे जातात. अशाच एखाद्या रात्री ढाब्यावरून उठलेला एक जण गाडी काढतो. तो पहिल्यांदाच पिऊन निघाला आहे की दहाव्यांदा, हे चालणाऱ्याला कळायचा काही मार्ग नाही. आपल्याला आहे.

वर्धा नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिकडची काही माणसं पूल ओलांडून अमरावती जिल्ह्यात येतात, पितात आणि परत गाडी चालवत जातात, हे त्या बाजूच्या गावांत सगळ्यांना ठाऊक आहे. बंदी योग्य की अयोग्य, त्या वादात मी इथे पडत नाही. पण पुलाच्या अलीकडे संध्याकाळी एक नाका लागला, तर पुन्हापुन्हा येणारे तेच चेहरे ओळखू येतील. इथेही नोंद दोन जिल्ह्यांत फुटलेली असणार.

कुणी म्हणेल, दारूचे अपघात असे आहेतच किती? केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांत दारू किंवा अमली पदार्थांच्या नावावर लागलेले मृत्यू अडीच टक्क्यांच्या आसपास. बहुसंख्य मृत्यू "अतिवेग" या रकान्यात. पण अतिवेग का, हे कुणी विचारलं? अपघातानंतर जखमी चालकाला आधी दवाखान्यात नेतात, रक्त घ्यायला उशीर होतो, आणि तासागणिक रक्तातलं अल्कोहोल उतरत जातं. ज्याची तपासणीच झाली नाही, तो आकड्यात शुद्धीवरचाच धरला जातो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी जळून गेले. आधी टायर फुटल्याचं सांगितलं गेलं. पुढे चालकाच्या रक्तात अल्कोहोल सापडल्याचा अहवाल आल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि तो अहवाल आपल्या अमरावतीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा होता. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा तर चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला. म्हणून नाक्यावर यंत्रातून निघालेली ती छोटीशी चिठ्ठी मला फार मोलाची वाटते. अपघात व्हायच्या आधी हाती आलेला तो पुरावा असतो. तो दंडाच्या पावतीला टाचून फाइलला लागता कामा नये.

पोटाचा प्रश्न मी टाळणार नाही. ऑटोवाल्याचं, ट्रॅक्टरवाल्याचं लायसन तीन महिने गेलं तर चूल कशी पेटायची, असं मला माझेच विद्यार्थी विचारतात, आणि हा प्रश्न ऐकून झोप उडते. तरीही माझं मत असं, की ज्याच्या गाडीत शाळेची पोरं बसतात, त्याला सवलत द्यायचा आपल्याला अधिकार नाही. चालक म्हणून मिळणारी भाकरी त्या पोरांच्या आईबापांच्या विश्वासावर मिळते. मात्र त्या तीन महिन्यांत त्याला वाऱ्यावर सोडू नये. कायद्यातच तरतूद आहे, की निलंबनाची मुदत संपल्यावर उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन परत द्यायचं नाही. त्या प्रशिक्षणाच्या दिवसांत जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची एक भेट जोडून द्या. दोनदा सापडलेला माणूस बहुतेक वेळा मजा म्हणून पिणारा उरलेला नसतो, तो आजारी असतो. कलम १९ मध्ये "अट्टल मद्यपी" हे लायसन काढून घेण्याचं वेगळं कारण म्हणून पहिल्यापासून दिलेलं आहे. त्याचं लायसन घ्या आणि त्याला डॉक्टरपर्यंतही पोचवा. ज्या घरांत मी बसतो, तिथल्या बायका या दोन्ही गोष्टी मागतात.

लायसन गेलं तरी गाडी चालवणारे असतातच, हेही मला माहीत आहे. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही आहे. विना लायसन माणसाच्या हाती गाडी देणारा मालकही कलम १८० खाली जबाबदार आहे, आणि पोलिसांना गाडी अडकवता येते. मेहुण्याची मोटारसायकल घेऊन निघालेल्याच्या बाबतीत मेहुण्यालाही एकदा बोलावलं, तर पुढच्या वेळी किल्ली मिळणार नाही. पण हे सगळं नाक्यावरच्या शिपायाला जागेवर कळलं तरच. त्यासाठी नवं काही घडवायचं नाही. 'सारथी' या सरकारी प्रणालीवर देशभरातल्या लायसनांची नोंद आहे, आणि अपात्र ठरलेल्यांची, रद्द झालेल्यांची नोंद संकेतस्थळावर क्रमाने ठेवण्याचा नियम ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. नुसतं कार्ड जमा करून उपयोग नाही, कारण कागदपत्रं आता मोबाइलवरही दाखवता येतात. नोंद व्हायला हवी, तीही गाडीच्या नंबराखाली न होता चालकाच्या लायसन नंबराखाली. गाडी आज एकाची, उद्या दुसऱ्याची असते.

तेव्हा माझं मागणं असं आहे. कलम १८५ चं प्रत्येक प्रकरण पकडल्यापासून तीन दिवसांत पोलिसांनी आपल्याकडे पाठवावं आणि आपण पंधरा दिवसांत सुनावणी घ्यावी. सुनावणीसाठी दर्यापूर, अकोट, अचलपूरच्या माणसाने शहरात खेटे घालावेत असं नाही. लायसनच्या परीक्षेसाठी तालुक्यांच्या गावी आपली शिबिरं भरतात, तिथेच एक टेबल मांडता येईल. सरकारी वकिलांकडे कोर्टात जाण्याआधी प्रत्येक आरोपीचा 'सारथी'वरचा जुना इतिहास छापून जावा, म्हणजे न्यायाधीशांसमोर कलम २२ उघडं राहील. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समितीची बैठक होते, तिथे दर महिन्याला चार आकडे मांडावेत: किती जण सापडले, किती लायसनं आपल्याकडे आली, किती निलंबित झाली, किती रद्द. नावं नकोत, आकडे पुरेत. अमरावतीचे पोलीस आयुक्त, दोन्ही जिल्ह्यांचे पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी यांना या पत्राची प्रत पाठवतो आहे.

यंदाच्या श्रावणातली कावड निघण्यापूर्वी या चार आकड्यांची पहिली यादी दोन्ही जिल्ह्यांतून एकत्र प्रसिद्ध व्हावी, अशी आपणा दोघांना विनंती आहे. पहिला आकडा मोठा आणि शेवटचा शून्य आला, तरी तो छापा. कुठल्या टेबलावर कागद थांबतो ते त्यावरून कळेल, आणि ते टेबल मोकळं करायला मदत लागली तर आमच्यासारखे निवृत्त मास्तर या रस्त्याच्या दोन्ही टोकांना पुष्कळ आहेत.

आपला,
मूर्तिजापूरचा एक निवृत्त शिक्षक